गोणपाटाचा रकाना

हजेरीपटावर पोर हजर आहे. ठीक. पण ते बसलंय कुठं?

या प्रश्नाला सरकारच्या कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. पोर कितवीत, जात कुठली, पोरगा की पोरगी, आधार नंबर जुळतो की नाही, सगळ्याला रकाने आहेत. बसलंय कुठं, याला नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचं एक पोर होतं. मास्तरनं त्याची हजेरी बिनचूक मांडली असणार. आणि ते पोर वर्गाच्या कोपऱ्यात एकटं बसलेलं, गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून पोरानं ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. हजेरीपट चाळून ते कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी गोदीत माल उचलतो, मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. गोणपाट म्हणजे काय ते मला कुणी प्राध्यापकानं समजवायला नको. पण विद्यापीठात ज्याला ‘गुणात्मक शैक्षणिक संशोधन’ असं जडभारी नाव आहे, ती म्हणजे या गोणपाटाची चौकशी, एवढं मला कळलंय. शाळेत महिनोन्महिने जाऊन बसायचं. कोण कुणाला खेटून बसतं, मास्तर प्रश्न कुणाला टाकतो, फळ्यापाशी कुणाला बोलावतो, झाडू कुणाच्या हातात देतो, हे बघायचं. पोरांशी, त्यांच्या आयांशी, मास्तरांशी बोलायचं. शब्दन् शब्द टिपायचा आणि मग त्याचा अर्थ लावायचा. आकडेवाला विचारतो, किती? हा विचारतो, कसं? आणि का?

आपल्या चळवळीत या कामाला कुणी विचारत नाही. पोरगं शिकलं की त्याला कलेक्टर व्हायचं असतं, नाहीतर वकील, नाहीतर पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं असतं. एम.एड., एम.ए. करून शाळेच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसणारा पोरगा म्हणजे येडा. मला म्हणायचंय की सध्या आपल्याला या येड्यांची फार गरज आहे. आणि व्यवस्थेला ते आपल्या आधी कळलंय, म्हणून ती त्यांच्या वाटा एकेक करून बुजवत चाललीय.

आकड्यांचा डाव आधी बघून घ्या. सरकारचीच उच्च शिक्षणाची पाहणी सांगते की अनुसूचित जातींचे विद्यार्थी 2014-15 साली 46 लाख होते, ते 2021-22 साली 66 लाखांवर गेले. व्वा. टाळ्या. हे 66 लाख आपल्या आईबापांच्या हाडांवर उभे आहेत, त्यांना मी कमी लेखणार नाही. पण हाच आकडा दाखवून उद्या तुम्हाला सांगणार, बघा, जात गेली, आता आरक्षण कशाला? तेव्हा 66 लाखांतला एकेक जण कुठं बसला, कुणाच्या ताटात जेवला, कुठल्या मजल्यावर झोपला, हे सांगायला आपल्याकडे काय आहे? दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये काय चाललंय ते बघायला 2006 साली सुखदेव थोरातांची समिती नेमली आणि 2007 साली तिचा अहवाल आला. तोवर त्या संस्थेच्या पटावर सगळं आलबेल होतं. समितीनं पोरांना विचारलं, तेव्हा कळलं की छळाला कंटाळून आपली पोरं खोल्या बदलून बदलून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर गोळा झालीत. हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या इस्पितळाच्या कॉलेजात महारवाडा! पुढं 2009 साली गीता नांबिसन यांनी राजस्थानातल्या दलित पोरांच्या शाळेतल्या अनुभवांवर लिहिलं. तिथंही पाण्याचीच गोष्ट, झाडूचीच गोष्ट. विचारलं म्हणून कळलं. गोणपाट कुठं गेलं नाही. त्याला रकाना नाही, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. विचारतं कोण? आणि लिहितं कोण?

गोपाळ गुरू यांनी 2002 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त समाजशास्त्रवाल्यांची लेंगी सोडली. म्हणाले, इथं सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आहेत आणि अनुभव पुरवणारे शूद्र. मी हे गोदीच्या भाषेत सांगतो. एके काळी याच मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी विलायतेला जायच्या आणि त्याचंच कापड होऊन परत यायचं, दामदुपटीनं. आज वस्तीतून अनुभवाच्या गाठी जातात. आमच्या आया रडतात, पोरं बोलतात, मोबाइलवर रेकॉर्ड होतं, आणि वरून सिद्धांत होऊन येतो. त्यावर नाव कुणाचं, पगारवाढ कुणाची, सिंगापूरच्या परिषदेचं विमान कुणाचं, ते तुम्हाला माहीत आहे. उचलणारा हमाल आणि कमावणारा शेठ, हा धंदा मी रोज बघतो.

आणि समजा, आपलंच कुणी वर चढलं तर? आमच्या चाळीतली एक ताई शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. विद्यापीठाचं नाव घेत नाही, तिची डिग्री अजून व्हायचीय. विषय आहे, महापालिकेच्या शाळेतल्या दलित पोरी सातवीनंतर गप्प का होतात. पहिला आराखडा घेऊन गेली तर गाईड म्हणाला, “अगं, तू या विषयाच्या फार जवळची आहेस. तटस्थता कशी राखशील?”

ती म्हणाली, “सर, मी जवळची आहे म्हणूनच पोरी माझ्याशी बोलतात.”

“तेच तर. त्याला आम्ही पूर्वग्रह म्हणतो.”

असं का, सर? मग एम. एन. श्रीनिवास यांचं काय करायचं? ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ नावाचं त्यांचं पुस्तक 1976 सालचं, समाजशास्त्राच्या पोरांना गीतेसारखं वाचायला लावतात. श्रीनिवास जातीनं ब्राह्मण. म्हैसूरकडच्या खेड्यात राहिले ते वरच्या जातींच्या आळीत, आणि खालच्या आळीत मोकळं फिरता आलं नाही हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. माणूस प्रामाणिक होता. पण पुढची गंमत ऐका. 1970 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या टिपणांच्या प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवून पुस्तक लिहिलं. आठवणीवर! कुणी म्हटलं नाही की सर, हा पूर्वग्रह आहे. उलट पुस्तक अभिजात ठरलं. ब्राह्मणाची आठवण ती शास्त्र आणि आमच्या ताईचं तीन वर्षांचं टिपण तो पूर्वग्रह. ब्राह्मण वरच्या जातींच्या आळीत राहिला तर तटस्थ, आणि आपली पोरगी आपल्या चाळीत राहिली तर फार जवळची. साला, हा तराजू कुठल्या बाजारातून आणला?

मी असं म्हणत नाही की सवर्णानं आमच्याबद्दल लिहूच नये. शर्मिला रेगे यांनी 2006 साली दलित बायांची आत्मकथनं साक्ष म्हणून वाचली, दयेचा मामला म्हणून नाही. त्यांना आपण मानतो. भांडण माणसाशी नाही, मक्तेदारीशी आहे.

आणखी एक लूट आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही. भाषेची. कवी म्हणून मला ती जास्त झोंबते. ताईनं मला तिच्या मुलाखती दाखवल्या. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात, तेही हात बसलेला असेल तर. एक पोरगी तिला म्हणाली होती, “बाईंनी माझी वही पेनच्या टोकानं उलटली. मग मी वही द्यायचीच बंद केली.” पेनच्या टोकानं! पुस्तकं वाचून हे वाक्य सुचत नाही. आता याचा प्रवास बघा. गाईड म्हणाला, भाषा जरा प्रमाण करा. मग झालं, ‘शिक्षिकेने वहीला स्पर्श करणे टाळले.’ मग ते इंग्रजीत गेलं. तिथून मराठीत परत आणलं तर येतं, ‘सहभागी विद्यार्थिनीस वगळले गेल्याची भावना जाणवली.’ भावना जाणवली! पेन गेलं, टोक गेलं, बाई गेली. गुन्हेगारच गायब. राहिली एक भावना, ती पण पोरीच्याच डोक्यात. म्हणजे दोष परत पोरीचा.

या धुलाईचं भाडं फेलोशिपमधून जातं, मित्रांनो. प्रबंध इंग्रजीत पाहिजे, इंग्रजी नीट पाहिजे, म्हणून ‘लँग्वेज एडिटिंग’ करणाऱ्याला पानामागं पैसे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांना हा खर्च नाही. आणि पैसे कुठून येणार? तिथंच तर पाचर मारलीय.

पैशाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो लाजिरवाणा आहे. 2015 च्या ऑक्टोबरात यूजीसीनं नेट नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचं ठरवलं. एम.फिल.ला 5 हजार, पीएच.डी.ला 8 हजार महिना, एवढीच ती होती. तीही डोळ्यात खुपली. पोरं यूजीसीच्या दारात बसली, लाठ्या खाल्ल्या. त्याच वर्षी हैदराबादला रोहित वेमुलाचे पैसे अडकले होते. 17 जानेवारी 2016 ला तो गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, 1 लाख 75 हजार रुपये, येणं बाकी होतं. शेवटच्या चिठ्ठीतही त्याला तो हिशेब लिहावा लागला. पोरगं जग सोडून चाललंय आणि उधारी फेडायची सांगून जातंय.

2016 सालीच यूजीसीनं नियम केला की लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती, प्रवेश तोंडी परीक्षेवर. तोंडी परीक्षेत काय बघतात? तोंड. जेएनयूतल्याच नाफे समितीनं त्याच वर्षी सांगितलं होतं की तोंडी परीक्षेत भेदभाव दिसतो, तिचे गुण 30 वरून 15 करा. इकडं 15 करा म्हणतायत आणि तिकडं 100 टक्के करून टाकले! 2018 साली आरडाओरड झाल्यावर लेखीला 70 आणि तोंडीला 30 असं झालं. मधल्या दोन वर्षांत किती पोरं दारातून परत गेली, त्याला पण रकाना नाही.

महाराष्ट्राची कथा वेगळी नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी 2023 साली आपली पोरं आझाद मैदानात बसली. मागणी होती, 861 च्या 861 जणांना द्या. सरकार म्हणालं, 200. पीएच.डी.ची पोरगी, पाठीवर पिशवी, पिशवीत प्रबंधाचे कागद, आणि ताडपत्रीखाली रात्र काढतेय. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला तर तेव्हाचे उपमुख्यमंत्री विचारते झाले की पीएच.डी. करून पोरं काय दिवे लावणार? विषय सारथीचा, म्हणजे मराठा पोरांच्या फेलोशिपचा होता. मराठा दोस्तांनो, बघून घ्या, तुमच्या गरिबाच्या पोरालाही तेच उत्तर मिळालं. पुढं त्यांनी दिलगिरी दाखवली, ते सोडा. तोंडातून आलं ते पोटातलं होतं.

आता दिवे कुणी लावले ते सांगतो. 1855 साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध छापला, मांगामहारांच्या दुःखाविषयी. विद्यार्थिनीनं स्वतःच्या लोकांच्या जगण्याची साक्ष स्वतः काढली आणि तिचा अर्थ स्वतः लावला. गुणात्मक संशोधन याहून काय वेगळं असतं? 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला, हिंदुस्थानातल्या जातींविषयी. वय 25. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेला. कोण, ते सांगायला नको. आणि आपल्या डोळ्यांदेखत, पुण्यात येरवड्याच्या वस्तीत एका खोलीत वाढलेल्या शैलजा पाईक. त्यांनी इंग्लंडच्या वॉरविक विद्यापीठात पीएच.डी. केली. पुण्या-मुंबईतल्या दलित बायांना भेटून, त्यांच्या तोंडून त्यांच्या शिक्षणाचा इतिहास गोळा करून, 2014 साली पुस्तक काढलं. 2024 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, 8 लाख डॉलरची. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले, अभिमानाचे अग्रलेख आले.

अग्रलेखवाल्यांना एक विचारतो. अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशात शिकायला केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, 1954-55 पासूनची, नॅशनल ओव्हरसीज. 2022 च्या फेब्रुवारीत तिच्या नियमांत एक कलम घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास, असले विषय असतील तर पैसे मिळणार नाहीत. म्हणजे आपल्या आजीची शाळा का सुटली हा विषय घेऊन आज एखादी पोरगी वॉरविकला निघाली तर ही शिष्यवृत्ती तिला नाही. पंचविशीतल्या भीमरावानं जातींवरचा निबंध घेऊन अर्ज केला असता तर त्यालाही नाही. फोटो छापताना हे कलम कुणी छापलं का?

सरकारचं म्हणणं, भारताचा अभ्यास भारतात होतो, त्याला परदेश कशाला? युक्तिवाद वरून गुळगुळीत आहे. मग इथंच होऊ द्या ना! इथं म्हटलं तर गाईड म्हणतो तू फार जवळची, आणि मंत्री म्हणतो काय दिवे लावणार. पुढचं दार बंद, मागचं दार बंद, आणि वर विचारतात, तुम्ही घरातच का बसलात?

बरं, डिग्री मिळाली तर नोकरी? राखीव जागेवर ‘नॉट फाउंड सुटेबल’चा शिक्का. नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत उपास. आम्ही गोदीत पाळीवर, हा तासावर. डॉक्टर आणि हमाल एका रांगेत उभे आहेत, फक्त डॉक्टरला अजून ते पटत नाही.

इथं कुणी म्हणेल, एवढं सगळं असताना पोरांना या खड्ड्यात उडी मारायला कशाला सांगतोस? सांगतो, कारण दुसऱ्यानं काढलेला सिद्धांत आपल्या अंगाला बसत नाही. ताईनं मला पॉल विलिस या इंग्रजाचं ‘लर्निंग टू लेबर’ रात्रपाळीनंतर चहा पीत पीत मराठीत सांगितलं. 1977 सालचं पुस्तक. इंग्लंडातल्या कारखान्याच्या गावातली बारा पोरं. कामगारांची पोरं कामगारच का होतात, हा प्रश्न. विलिस त्यांच्यात राहिला आणि त्याला दिसलं की ही पोरं शाळेची टर उडवतात, अभ्यासू पोरांना हसतात, शाळेचा खोटेपणा त्यांनी बरोबर ओळखलाय, पण त्याच हसण्यानं ती आपल्या पायानं कारखान्यात जातात. ऐकून मी थक्क झालो. चांगलं पुस्तक आहे, आपल्या लोकांनी वाचावं. पण दोस्ता विलिस, आमचं गणित वेगळं आहे. तुझ्या पोरांनी शाळेला लाथ मारली. आमच्यात लाथ शाळेनं मारली, आणि पोर तरी गोणपाट काखेत मारून दुसऱ्या दिवशी परत आलं. तुझं पोर शाळेला हसतं. आमचं पोर शाळेवर जीव टाकतं, कारण बाबासाहेबांनी सांगितलंय शिका. जी शाळा अपमान करते तिच्यावरच जीव टाकायचा, यातून मनाचं काय होतं, याचा सिद्धांत तुझ्या पुस्तकात नाही. तो इथंच निघणार, आणि तो काढणारा इथलाच पाहिजे. ताईचा आणखी एक सवाल होता, “बारा पोरं ठीक, पोरी कुठायत?” तो तर आपल्या चळवळीलाही लागू आहे. तेव्हा खाली बघू नका.

आता आपल्यातल्या शहाण्यांकडे वळतो. काही जण फेलोशिप लागली की वस्तीत येतात, चार आयांना रडवतात, रेकॉर्ड बंद करतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. पुढं सेमिनारात ‘माझ्या लोकांचं दुःख’ म्हणून तेच विकतात. अशाला आम्ही दलाल म्हणतो, मग त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा केवढाही फोटो असो. वस्तीत मुलाखत घेतली तर ती लिहून झाल्यावर वस्तीत येऊन वाचून दाखवायची. बाई म्हणाली हे काढ, तर काढायचं. पोराचं नाव, शाळेचं नाव झाकायचं, कारण तुझी डिग्री झाल्यावर त्या पोराला त्याच मास्तरसमोर बसायचंय. आणि प्रबंध इंग्रजीत दिलास तर त्याची तीस पानं मराठीत कर, पेनच्या टोकासकट. ती आपण या अंकात छापू. गाईडला प्रमाण भाषा पाहिजे तर त्याला दे, मूळ वाक्य खाली तसंच ठेव. परीक्षकाला नाही कळलं तर येऊन विचारेल. विचारू दे.

फेलोशिप अडकली की एकट्यानं कुढत बसू नका. कुणाचे किती महिने थकलेत ते लिहून आमच्याकडे द्या. यादी करून मोर्चा काढणं आम्हाला येतं, ते आमचं काम.

ताईच्या 41 मुलाखती झाल्यात. त्यातल्या 19 अजून मोबाइलमध्येच आहेत आणि तिचे आठ महिन्यांचे पैसे आलेले नाहीत. मराठी टायपिंग येणाऱ्या दोस्तांनी रविवारी सकाळी दहापासून चाळीच्या वाचनालयात यावं. ज्यांची दिवसपाळी असेल त्यांनी रात्री आठनंतर यावं, दार उघडं असेल. हेडफोन ज्याचा त्यानं आणावा, चहा आम्ही पाजू. पोरगी जसं बोलली तसंच टाईप करायचं, शुद्धलेखन कुणी सुधारायचं नाही.